पेटीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली ओळ

शिरोळहून आलेला टेम्पो कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत उलटा घेताना चालकाने दोनदा विचारले, आत नेमके काय आहे. खाली उतरवायला चार माणसे लागली. गल्लीतल्या एकाला ते आइस्क्रीमचे फ्रीजर वाटले, दुसऱ्याला पिठाची गिरणी. पत्नीने, सुमनने, दारातून एकदा पाहिले आणि विचारले, "ह्येला पाय कुठं हायत?" पाय वेगळे, पोत्यात बांधलेले होते. महापुराच्या पाण्यात बोल्ट गंजल्यामुळे ते कापून काढावे लागले होते.

ते पिनबॉलचे मशीन होते. आमच्या भागात त्याला गोळीचे मशीन म्हणत. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी वर्णन देतो. कमरेएवढ्या उंचीची, खेळणाऱ्याच्या बाजूला उतरती लाकडी पेटी. वर काच, काचेखाली रंगवलेली फळी. उजवीकडची स्प्रिंगची दांडी ओढून सोडली की पोलादी गोळी फळीच्या माथ्यावर जाते आणि खाली घरंगळू लागते. वाटेत तीन गोल टोप्या आहेत. गोळी टोपीला लागली की टोपीखालच्या कॉइलमध्ये वीज येते, तिचे चुंबक होते आणि गोळी फेकली जाते. तळाशी दोन पाती आहेत, ती पेटीच्या दोन्ही बाजूंच्या बटणांनी हलतात. गोळी पात्यांमधून निसटू द्यायची नाही, एवढाच खेळ. मागे उभी असलेली काचेची पेटी गुण दाखवते. पुढे एक लाल बटण आहे. ते एकदा दाबले की गुणांची चाके खडखडत शून्यावर येतात आणि एका खेळाडूचा डाव सुरू होतो. पुन्हा दाबले की 'दोन' हा दिवा लागतो आणि दोघे आळीपाळीने खेळतात.

या मशीनमध्ये संगणक नाही. तारा, कॉइल आणि शंभराहून जास्त कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या आणि सुटणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, एवढ्यावर सगळा हिशोब चालतो. एक पट्टी केसभर वाकली तरी मशीन चुकीचे वागते, आणि का ते सांगत नाही.

माझी नोकरी एका दैनिकात होती. बातम्या घेणाऱ्या टेलिप्रिंटरची देखभाल माझ्याकडे होती. त्यातही चुंबके आणि कॉन्टॅक्टच असत, त्यामुळे गोळीच्या मशीनची दुरुस्ती मला वेगळी शिकावी लागली नाही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी ती कामे घेत असे. आमचे वृत्तसंपादक प्रत्येक बिघाडाचा अहवाल लिहून मागत. काय बंद पडले, कधी, कोणी पाहिले, कोणी दुरुस्त केले. "असावे" आणि "बहुधा" हे शब्द ते लाल पेनने कापत. छापलेल्या चुकीबद्दल त्यांचा एक नियम होता. ज्या पानावर चूक गेली, त्याच पानावर दुरुस्ती जायची. आतल्या पानाच्या कोपऱ्यात ढकललेली दुरुस्ती त्यांना चालत नसे.

अहवालाची ती सवय मी मशीनमध्येही नेली. प्रत्येक दुरुस्तीनंतर पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ लिहायची आणि शेवटी 'म.' काढायचे. मी मधुकर. जत्रेतले लोक मला मधुमिस्त्री म्हणत. पेन वापरायचे नाही, कारण शाई ओलीने उतरते आणि पेन्सिल राहते. पुढचा मेकॅनिक, किंवा वर्षाने परत आलेला मी, ती ओळ वाचून सुरुवात करणार, ही त्यामागची अपेक्षा. प्रत्यक्षात त्या ओळी कोणी वाचत नसे.

त्या काळात गिऱ्हाईक दोन प्रकारचे होते, शहरात खेळांचे पार्लर चालवणारे आणि जत्रेत मशीन फिरवणारे. राजारामपुरीतल्या एका पार्लरचा मालक एकदा तक्रार घेऊन आला. बक्षिसाचा, म्हणजे फुकटचा, डाव मिळाला की मशीनच्या आतला हातोडा लाकडावर जोरात आपटतो. वरच्या मजल्यावर दवाखाना होता आणि डॉक्टरांचे पेशंट त्या आवाजाने दचकत. मालकाने हातोडा काढायला लावला. महिन्याभरात तो पुन्हा आला. गर्दी आटली होती. बक्षिसाचे डाव पूर्वीसारखेच मिळत होते, पण मिळाल्याचे गल्लीला कळत नव्हते. मी हातोडा परत बसवला आणि त्याच्या तोंडाला चामड्याचा तुकडा लावला. डॉक्टर आणि खेळणारे, दोघांचीही तक्रार थांबली. दुरुस्तीत बिघाड शोधण्याइतकेच लोक मशीनपाशी कशासाठी उभे राहतात हे शोधणेही येते, हे मी तिथे शिकलो.

दुसरे प्रकरण जत्रेतले. मशीन कोणी हलवले तर ते ओळखायला आत एक लोलक टांगलेला असतो. तो भोवतीच्या कड्याला टेकला की डाव रद्द होतो. तालमीतल्या एका पैलवानाने, निसटणारी गोळी परत वर जावी म्हणून, मशीनचे पुढचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर उचलले. दिवे गेले, पाती मेली. पैलवान घाबरला आणि मशीन तसेच हातात धरून उभा राहिला. मशीनचा मालक शांतपणे म्हणाला, "पावणं, खाली ठिवा. रुसलंय त्ये. आपटलंसा तर माहेरला जाईल."

तो मालक म्हणजे इराप्पा. शिरोळ तालुक्यातले, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे. त्यांचे भागीदार दस्तगीर, कोल्हापूरचे. मुंबईच्या बंदरातून आलेले हे जुने मशीन दोघांनी मिळून घेतले होते आणि दोघे मिळून ते सीमाभागातल्या जत्रांतून फिरवत. इराप्पा जागा मिळवत आणि माणसे जमवत, दस्तगीर मशीनपाशी उभे राहत. किल्ल्या दोन होत्या, प्रत्येकाकडे एक. त्यांची एक रीत होती. जत्रेत तंबू लागला की पहिला डाव ते दोघे एकमेकांविरुद्ध खेळत. त्याशिवाय गिऱ्हाईक घेत नसत. हरणाऱ्याने चहा आणायचा. तो डाव बघायला बाजूचे पाळणेवाले आणि खेळणीवालेही येऊन थांबत.

ही भागीदारी एका तारेमुळे तुटली.

फ्यूज म्हणजे काचेच्या नळीतली बारीक तार. कुठे जास्त वीज खेचली गेली की ती वितळते आणि पुरवठा तोडते. यंत्र वाचावे म्हणून ती स्वतः जळते. फ्यूज संपली की तिच्या जागी साधी जाड तार गुंडाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मशीन लगेच चालू होते, पण जाड तार जळत नाही, मग दुसरे काहीतरी जळते. एका जत्रेत, हंगामाच्या शेवटी, तसेच झाले. टोपीखालचा कॉन्टॅक्ट चिकटला, कॉइल सतत तापत राहिली, फळीतून धूर निघाला. तंबूत पळापळ झाली. मशीनपाशी दस्तगीर होते. त्यांनी काच सरकवून टोपी उपटली आणि मग प्लग ओढला. क्रम उलटा झाला. उजव्या तळहाताची कातडी टोपीला चिकटून आली.

आठवड्याने इराप्पा आमच्या कार्यालयात आले. रुमालात काळे पडलेले फ्यूजचे घर होते आणि त्यात तांब्याची जाड तार. त्यांनी विचारले, "मिस्त्री, असली तार तुमी घालता काय?"

मी म्हणालो, "मी आयुष्यात फ्यूजच्या जागी तार घातलेली नाही."

इराप्पांनी मान हलवली आणि रुमाल गुंडाळला. पेटी उघडणारे तिघेच होते. ते स्वतः, मी आणि दस्तगीर. इराप्पांनी तार घातली नव्हती, मी नाही म्हणालो होतो. दस्तगीर नाही म्हणत राहिले. पण धंदा बुडू नये म्हणून घायकुतीला येऊन त्यांनीच ती घातली असणार, असे सगळ्यांनी धरले. दोघे वेगळे झाले. मशीन इराप्पांकडे राहिले. त्यांनी दुसऱ्याकडून कॉइल बदलून काही वर्षे ते एकट्याने फिरवले, मग घरात ठेवून दिले. दोघे पुन्हा बोलले नाहीत.

मला या घटनेचा उपयोग झाला. पुढची वीस-पंचवीस वर्षे, फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हा किस्सा सांगितला. नाव घेऊन सांगितला. दस्तगीर म्हणून एक होते, त्यांनी तार घातली, हात गमावून बसले. किस्सा परिणामकारक होता. ऐकणारा लगेच फ्यूज आणायला जाई.

निवृत्तीनंतर असे एक मशीन आपल्या हाताने, कोणाची घाई नसताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट करावे अशी इच्छा होती. पुरानंतर इराप्पांच्या मुलाने घर आवरायला काढले, तेव्हा त्याने मला फोन केला. मशीन भंगारात जाणार होते. मी ते मागितले. इराप्पा आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांनी मुलाकडून फोन घेऊन एवढेच सांगितले, "चालू झालं तर कळवा. येकदा बघून जातो."

काम सात महिने चालले. ते पुढच्या खोलीत झाले. सुमनने दिवाण आतल्या खोलीत हलवू दिला आणि त्याबद्दल पाहुण्यांना स्वतःच स्पष्टीकरण दिले. पहिला महिना फक्त उघडणे, फोटो काढणे आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधणे यात गेला. कॉन्टॅक्ट साफ करायला लग्नपत्रिकेची पट्टी सर्वांत चांगली. जाड, किंचित खरखरीत, आणि घरात कधी न संपणारी. पट्ट्यांच्या मध्ये ती धरून दोनदा ओढायची. कानशीने घासले तर पट्टीवरचा मुलामा जातो. कॉइल सात निकामी होत्या. मी जुन्या कॉइलचे वेढे मोजून उलगडले आणि तितकेच नवे गुंडाळले. चुंबकाच्या दांड्या कागलच्या एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या लेथवर करून घेतल्या. लेथवाल्याने नमुना हातात फिरवला आणि विचारले, "कुठल्या कंपनीचा पार्ट म्हनायचा ह्यो?" खेळाचा आहे म्हटल्यावर त्याने माप आणखी काटेकोर धरले. गोळी बेअरिंगच्या दुकानात मिळाली, एक आणि एक-सोळांश इंच. रबराच्या कड्यांच्या जागी हायड्रॉलिकच्या रिंगा बसल्या. दिवे जुन्या स्कूटरचे सहा व्होल्टचे.

चौथ्या महिन्यात गुणांची चाके पहिल्यांदा एका ओळीत शून्यावर आली. त्या आवाजाने सुमन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने पाहिले आणि म्हणाली, "म्हंजे एवढ्यासाठी चाललं होतं व्हय." पण पुन्हा करून दाखवा, असेही म्हणाली. मी चार वेळा करून दाखवले. माझ्या माहितीप्रमाणे हे काम जिल्ह्यात दुसऱ्या कोणी घरी केलेले नाही. तपासून पाहिलेले नाही, म्हणून 'माझ्या माहितीप्रमाणे'.

पेटीचा तळ मी शेवटी घेतला. पुराचा गाळ आत दोन बोटे जाडीचा सुकला होता आणि बाजूंवर चढला होता. तो ओल्या फडक्याने काढून मग पॉलिश पेपरने लाकूड घासायचे, असे ठरले होते. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढल्यावर त्यामागची बाजू पुसली. गाळाखालून पेन्सिल वर आली. माझेच अक्षर होते.

"फ्यूज शिल्लक नाही. तार टाकली. तात्पुरती. सोमवारी बदलणे. म."

आठवायला वेळ लागला, पण आठवले. जत्रेचा रविवार, भर दुपार. दस्तगीर जेवायला गेले होते, इराप्पा जत्रा कमिटीशी जागेवरून वाद घालायला. जाताना त्यांनी स्वतःची किल्ली माझ्या हातात दिली होती. तंबूबाहेर माणसे थांबली होती. माझ्या पिशवीत फ्यूज नव्हती. सोमवारी येऊन बदलायचे मी ठरवले, तसे लिहिले, मशीन चालू केले आणि निघालो. सोमवारी दोन टेलिप्रिंटर बंद पडले. त्यानंतर तो सोमवार माझ्या डोक्यातून गेला. धूर निघाला तो त्यानंतर काही महिन्यांनी, दुसऱ्या गावच्या जत्रेत. इराप्पा रुमाल घेऊन आले तेव्हा मी खोटे बोललो नव्हतो. मी न तपासता बोललो होतो. पेटी उघडून बघू, एवढे म्हणालो असतो तर ओळ तिथेच होती.

पॉलिश पेपर हातात होता. चार वेळा फिरवला असता तर लाकूड स्वच्छ झाले असते. मी तो पेपर ठेवला आणि दोन दिवस मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सुमनने विचारले, तेव्हा तिला ओळ दाखवली. तिने ती दोनदा वाचली. ती म्हणाली, "त्या मानसाचं नाव घेऊन तुमी माझ्या भावालाबी सांगितलंय." ते खरे होते. पंपाची फ्यूज गेली होती तेव्हा.

दस्तगीर कोल्हापुरातच, मुलाच्या पंक्चरच्या दुकानात बसतात हे मला माहीत होते. मी गेलो. त्यांचा उजवा हात पूर्ण मिटत नाही. चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात. मी काय घडले ते क्रमाने सांगितले, माझी ओळ सांगितली, किस्सा किती जणांना सांगितला तेही सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी ते म्हणाले, "मिस्त्री, मला सांगून काय उपेग? तार मी घातली न्हाई, ह्ये मला म्हाईतच हाय की. ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगा."

मी म्हणालो, इराप्पांना रविवारी माझ्या घरी बोलावतो, तुम्हीही या. मी निघताना त्यांनी फक्त विचारले, डावे पाते अजून उशिरा उठते का. मशीन आले तेव्हा उठत होते. त्यांच्या वेळेपासून तसेच होते आणि मी तो दोष समजून काढून टाकला होता. घरी येऊन मी त्या पात्याची स्प्रिंग पूर्वीइतकी ढिली केली.

रविवारी सकाळी इराप्पा मुलाबरोबर आले. दस्तगीर आधीच येऊन खुर्चीवर बसले होते. दोघांनी एकमेकांना पाहिले आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी पेटीची वरची फळी उचलून टेकू लावला होता. मशीन चालू नव्हते. मी इराप्पांना बॅटरी दिली आणि ट्रान्सफॉर्मरमागची बाजू दाखवली. तिथे आता दोन ओळी होत्या. जुनी तशीच ठेवली होती. तिच्या लगेच खाली, तितक्याच मोठ्या अक्षरात, दुसरी लिहिली होती.

"वरील तार म. ने टाकली व बदलली नाही. दस्तगीर यांचा संबंध नाही. इराप्पांना म. ने चुकीचे सांगितले. म."

इराप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मुलगा वाचून दाखवायला पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने थांबवले. मग बॅटरी विझवून माझ्याकडे वळले.

"सोमवार लई लांबला की, मिस्त्री."

मी हो म्हणालो.

ते दस्तगीरांच्या खुर्चीपाशी गेले. "हात दाव," म्हणाले.

"आता काय बघतोस? तवा बघायचा."

"तवा न्हाई बघितला. आता दाव."

दस्तगीरांनी हात पुढे केला. इराप्पांनी तो उलटा करून तळवा पाहिला, अंगठ्याने दाबून पाहिला, बैल घेताना खूर बघतात तितक्या बारकाईने. दस्तगीर म्हणाले, "दुकत न्हाई. फकस्त मिटत न्हाई." इराप्पांनी हात सोडला नाही. तसेच उभे राहून त्यांनी मला मशीन चालू करायला सांगितले.

मी आधी फ्यूज काढून दोघांना दाखवली. काचेची, नवी, दहा अँपिअरची. पेटीच्या आत, हाताला लागेल अशा जागी, डबीत आणखी पाच ठेवल्या आहेत. मग ती परत बसवली, टेकू काढला, फळी खाली केली, काच सरकवून बसवली आणि प्लग लावला. सगळे दिवे लागले. सात महिन्यांत मी हे दृश्य बऱ्याच वेळा पाहिले होते. त्या दिवशी मात्र मी दिव्यांकडे पाहत नव्हतो.

इराप्पांनी लाल बटण दाबले. चाके खडखडत शून्यावर आली, एकही अडखळली नाही. गोळी उजवीकडच्या वाटेत येऊन थांबली. त्यांनी दांडीला हात घातला, तो काढून घेतला, आणि बटण पुन्हा दाबले.

'दोन' हा दिवा लागला.

दस्तगीर खुर्चीवरून उठले आणि डाव्या हाताने काचेवरची धूळ पुसली. धूळ नव्हती. "पयला मी," ते म्हणाले. "माझा डाव ऱ्हायलाय, तीस वर्सं तूच खेळतुयास."

जत्रेतल्या त्यांच्या रीतीप्रमाणे चहा हरणाऱ्याने आणायचा असतो. पहिली गोळी टोप्यांमध्ये वाजत होती. डाव संपायची वाट न पाहता मी किटली उचलली आणि कोपऱ्यावरच्या गाड्याकडे निघालो.